काचेच्या पाठीवरचा कण

"घाण आहे नुसती. हे बघ, परत काळं," काकासाहेब ताटावर वाकून, जवळजवळ भाकरीच्या कानात सांगावं तसे पुटपुटले आणि करंगळीच्या नखानं भाकरीवरचं काहीतरी टोकरायला लागले. रतन तव्यासमोर बसली होती, नवऱ्यापासून हातभरावर. भाकरी मिलोची होती. रेशनवरची ही तांबडी अमेरिकन ज्वारी कितीही निवडा, पाखडा, तिच्यात काय निघेल सांगता येत नसे. खडे, काड्या, उंदराच्या लेंड्या, एकदा तर कसलंसं बी, जे शेजारच्या कडूबाईंनी "धोत्रा असंल, टाका" म्हणून नालीत फेकायला लावलं होतं. त्यामुळं संक्रांतीपासून काकासाहेबांच्या ताटात रोज काहीतरी काळं निघतंय याचं तिला नवल वाटलं नव्हतं. वर्षच तसं होतं. तिनं ताट ओढून घेतलं, भाकरी दाराच्या उजेडाकडं धरली. काही नव्हतं. "अगं, हे काय, इथं," त्यांनी बोट टेकवलं. बोटाखाली भाकरी होती, मिलोची भाकरी जेवढी स्वच्छ असू शकते तेवढी स्वच्छ. तिनं वर बघितलं तर ते तिच्याकडं बघत होते, कपाळाला आठ्या घालून. "तुझ्या गालाला पण लागलंय काहीतरी." तिनं पदरानं गाल पुसला. "अजून आहे." तिनं परत पुसला, जरा जोरात. "राहू दे," ते म्हणाले, आणि गटारावरून जाताना माणूस मान फिरवतो तशी त्यांनी मान फिरवली. मग तिनं एक गोष्ट केली. भाकरीवरून चिमूट उचलली, चुलीत झटकली आणि म्हणाली, "निघालं. जेवा आता."

ते जेवले. तिला मात्र त्या रिकाम्या चिमटीची शिसारी आली. खरंच काही निघालं असतं, झुरळाचा पाय निघाला असता, तर तिनं हात धुतला असता आणि विसरली असती. काहीच नसलेलं बोटांना चिकटलं होतं आणि ते धुता येत नव्हतं. पाणी पिऊन उठताना काकासाहेब म्हणाले, "डावा डोळा दमलाय माझा. रोजचा तोच लावतो ना प्रयोगाला. आज पुण्याच्या साहेबांपुढं उजव्यानं बघणार आहे." त्यांनी मिशा पुसल्या, सायकलच्या दांडीला धोतराच्या फडक्यात बांधलेली प्रयोगाची काच एकदा चाचपली. "चहा तू घेऊन ये. कँटीनच्या चहाला घासलेटाचा वास येतो. बारापर्यंत ये, ऊन खिडकीत आलं की मग आम्ही थांबणार नाही." आणि ते गेले. भिंगारच्या गल्लीतून त्यांची सायकल खडखडत बाहेर पडली, कुणाला तरी बाजूला हो म्हणाली, तिकडं मैदानावर लष्कराच्या तोफेचा रोजचा आवाज झाला, फळीवरची भांडी थरथरली, आणि तवा करपल्याचा वास येईपर्यंत रतन तशीच बसून राहिली. तिला कळलं होतं. आज कळलं असं म्हणणं खोटं होतं. आज फक्त कळून न कळल्यासारखं करायला जागा उरली नव्हती. ते काळं भाकरीत नव्हतं, दुधात नव्हतं, तिच्या गालावर नव्हतं. ते जिकडं बघतील तिकडं होतं. आणि आता ते उजवा डोळा लावणार होते.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला परीक्षेचे पेपर तपासायला गेले होते, तिथल्या लायब्ररीत एका परदेशी मासिकात त्यांनी तो लेख वाचला. घरी आले ते ताप चढल्यासारखे. पिशवी खांद्याला तशीच, आणि उभ्याउभ्या तिला सांगायला लागले की उजेडाला वजन नसतं पण रेटा असतो. तिकडच्या एका शास्त्रज्ञानं पाण्यात मोहरीच्या शंभराव्या हिश्श्याहून बारीक गोळ्या सोडल्या, त्यांच्यावर उजेडाची धार धरली, तर त्या धारेनं गोळ्या मधोमध ओढून घेतल्या आणि रेटत रेटत काचेपर्यंत नेल्या. हात न लावता. "आई उफणायला उभी राहायची ना," ते म्हणाले, "वाऱ्यानं भूस पुढं जायचं, दाणा पायाशी पडायचा. उजेड म्हणजे तसलाच वारा. फक्त भूस इतकं बारीक पाहिजे की नुसत्या डोळ्याला दिसता कामा नये." पाथर्डीकडच्या खळ्यावर वाढलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना तिला त्यांचा अभिमान वाटला होता. सातवीनंतर तिची शाळा सुटली. पुढचं जे काही शिकली ते पुड्यांच्या कागदांवरून, वाचनालयाच्या पुस्तकांवरून आणि या माणसाच्या बडबडीवरून. तिला ते सगळं समजलं असं नाही, पण उफणणं समजलं. सासूबाई, भागूबाई, कोपऱ्यात वाती वळत होत्या, त्या म्हणाल्या, "उनानं कन हालतो, त्यात काय? उनानं मानूस पडतं." त्या वेळी तिघंही हसले होते.

तिकडच्या माणसाकडं लेसर नावाचं उजेडाचं नवं यंत्र होतं. नगरच्या कॉलेजच्या कपाटात एक त्रिकोणी काच होती, दोन भिंगं होती, वनस्पतीशास्त्राकडून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक होता, आणि बाहेर ऊन होतं. "ऊन आपल्याकडं फुकट आहे," काकासाहेब म्हणाले, आणि पुढं पाऊसच पडला नाही. सगळा जिल्हा आभाळाकडं बघून शिव्या घालत होता, विहिरींचे तळ दिसले, सासूबाईंना गावाकडून इथं आणावं लागलं, आणि हा एक माणूस रोज सकाळी दारात येऊन निरभ्र आभाळ बघून खूश व्हायचा. तिला त्याचीसुद्धा किळस यायला लागली होती, त्या खुशीची. रतिबाच्या पावशेर दुधातलं चमचाभर दूध ते बाटलीत घालून न्यायचे, पाण्यात पातळ करून त्याचा थेंब काचेच्या पाठीवर ठेवायचे. दुधातल्या स्निग्धाचे गोळे म्हणजे त्यांचं भूस. संध्याकाळी त्यांच्या रुमालाला, बाहीला, कधी मिशांनासुद्धा फाटलेल्या दुधाचा आंबूस वास असायचा. बादलीच्या तळाला उरलेल्या पाण्यात ती तो रुमाल धुवायची आणि पाणी पांढुरकं, चिकट व्हायचं, तेच मग शेवग्याला घालायचं.

काचेचं त्यांनी तिला नीट सांगितलं होतं. त्रिकोणी काचेत खालून तिरपा उजेड सोडला की तो वरच्या पाठीला आतून आदळतो आणि आतल्या आत वळतो, बाहेर पडत नाही. पण माठ जसा फुटलेला नसताना पाझरतो, तसा तो काचेच्या पाठीवर पाझरतो. केसाच्या जाडीपेक्षा कमी. त्या पाझरात जो कण सापडेल तो काचेच्या अंगानं सरकत जाईल, असा काकासाहेबांचा विचार होता. तिकडच्यांनी कण पाण्यातून रेटला, आपण तो काचेवरून चालवायचा. विचार वाईट नव्हता, तिला आजही वाईट वाटत नव्हता. पण काचेचा कोन हातानं लावायचा, आणि तो जरा उतरला की पाझर वगैरे राहायचं नाही, भिंगातून गोळा केलेलं सगळंच्या सगळं ऊन काच फोडून आल्यासारखं सरळ वर, सूक्ष्मदर्शकाच्या नळीतून डोळ्यात. रोज कोन शोधताना ते ऊन एकदा तरी डोळ्यात यायचंच. त्यासाठी काळी काच होती. पण काळ्या काचेतून कण दिसत नव्हते, म्हणून ती खणात पडली. "चटका बसला की समजतं कोन जवळ आलाय," असं ते सांगायचे, अगदी कौतुकानं, जशी आई तव्यावर पाण्याचा शिंतोडा मारून सांगते की तापला.

मग एक दिवस कण चालला. दिवाळीची सुट्टी होती आणि ते कॉलेजात एकटे होते. बाकीचे कण जागच्या जागी थरथरत होते, पण एक काळा होता, तो काचेचा कोन बदलला, उजेडाचा पट्टा सरकला, की पट्ट्याबरोबर चालायचा. उजवीकडं नेला उजवीकडं, डावीकडं नेला डावीकडं. इतका आज्ञाधारक कण. "बाकीचे उजेड परतवतात, हा गिळतो, म्हणून काळा दिसतो," त्याचीही उपपत्ती त्यांनी बसवली. प्राचार्यांनी नळीला डोळा लावला, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "वा." रसायनशास्त्राचे दोघं आले, म्हणाले, हलतंय खरं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालेल्या रतनला ते वाटेत तिथं घेऊन गेले. काळ्या शाईनं रंगवलेले पुठ्ठे लावून खोली अंधारी केलेली, आत उंदरांचा, जुन्या गॅसचा, नासलेल्या दुधाचा वास. तिनं काठापदराचं लुगडं सावरत डोळा लावला. नळीच्या तळाशी पांढुरके ठिपके वळवळत होते. जुन्या पिठात अळ्या वळवळतात तसे. "दिसला?" "कुठला?" "काळा गं. एकटाच चाललाय बघ." काळं काही नव्हतं. पण त्यांचा हात तिच्या पाठीवर होता, अंधारात, ते विसरूनच गेले असावेत की तो हात तिथं आहे. लेकीचं लग्न झाल्यापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, दिवसाउजेडी असा हात तिच्या पाठीवर कुणी ठेवला नव्हता. "हो," ती म्हणाली. "दिसला." आणि त्यांनी नळीला आपला डोळा लावला, डावा, आणि लहान मुलासारखे हसले. तो 'हो' तेव्हापासून तिच्या तोंडात होता. दाताच्या फटीत अडकलेल्या मटणाच्या धाग्यासारखा, जीभ सारखी तिथंच जायची आणि प्रत्येक वेळी जरा जास्त सडका लागायचा.

आणि घरात सगळ्यांना माहीत नव्हतं का? एका सकाळी काकासाहेबांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं ते पेल्याशेजारी. धार सरळ फरशीवर. त्या दिवसांत फरशीवर पाणी सांडणं म्हणजे रक्त सांडणं. सासूबाई ओरडल्या, "आरं काकासायब, पानी चाललंय खाली! डोळं फुटलं का काय तुजं?" हे आपलं म्हणायचं म्हणून म्हटलेलं, भागूबाई हे वाक्य मांजरालाही म्हणायच्या. पण त्या दिवशी ते खरं निघाल्यासारखं वाटलं. रतननं त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी खाली बघितलं, आणि गुडघ्यावर हात टेकत उठून फडक्यानं ते पाणी बादलीत पिळलं. तेव्हापासून लेकाचा पेला त्या स्वतः भरून ठेवायच्या, तो बसायच्या आधी. डोळ्यांचं वाक्य परत कधी त्यांच्या तोंडून आलं नाही, मांजरालाही नाही. तिघं एका पत्र्याखाली असे राहत होते, एकमेकांच्या भोवती जपून फिरत, जसं घरात कुठंतरी मेलेला उंदीर आहे आणि वास सगळ्यांना येतोय पण कुठल्या ट्रंकेमागं ते बघायला कुणी उठत नाही.

साडेअकराला ती किटलीला फडकं गुंडाळून निघाली. "सूनबाई," सासूबाईंनी दारातून हाक मारली. ती थांबली. "त्याला म्हनावं..." भागूबाई म्हणाल्या, आणि मग, "चा सांडू नको म्हनावं." रस्त्याला दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या, डोळे बारीक करून, कपच्या उडत होत्या. ऊन डांबराला चिकटलं होतं. सांगायचं काय, आणि कुणाला? पुण्याचे साहेब आज येणार होते, त्यांना प्रयोग पटला तर ते काकासाहेबांना आपल्या हाताखाली डॉक्टरेटला घेणार होते, शेहेचाळिसाव्या वर्षी. या माणसाला लोक आयुष्यभर खळ्यावरून आलेला मास्तर म्हणून वागवत आले. मराठी बोलताना त्यांचा 'न' आणि 'ण' कधी इकडचा तिकडं झाला की स्टाफरूममध्ये कोण कसं हसतं ते त्यांनी तिला एकदाच सांगितलं होतं आणि परत कधी नाही. त्यांच्याकडं आता एक कण होता, जो त्यांचं ऐकत होता. तो काढून घ्यायचा कसा? आणि नाही काढला तर आज उजवा डोळा. साहेबांसमोर हात थरथरणार, कोन उतरणार, चटका बसणार. तिला एकदम डोळा या वस्तूचीच घाण वाटली. चिकट, ओली, पाण्यानं भरलेली एक पिशवी, तिच्यात जे पडेल ते जग म्हणून मानायचं.

व्हरांड्यात श्रीमंत नावाचा शिपाई आरसा पुसत उभा होता. प्रयोगशाळेतला जुना माणूस. खिडकीबाहेर कट्ट्यावर आरसा धरून ऊन आत फिरवत ठेवणं, सूर्य सरकेल तसा आरसा सरकवणं, हे त्याचं काम. "श्रीमंत," ती हळू म्हणाली, "तुम्हाला दिसला का हो कधी तो काळा?" त्यानं आरशावर फुंकर मारली. "वैनी, सर म्हन्त्यात सरकला, मी म्हन्तो सरकला. मला निस्तं भुरकं दिसतंय. पर मी काय, चौथी नापास." "आज आरसा जरा वाकडा धराल? ऊन आत जाऊ देऊ नका." तो तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं आत बघितलं, जिथून साहेबांचा हसण्याचा आवाज येत होता. "प्राचार्य पन हायेत आत," तो म्हणाला. "माजी नोकरीची दोन वर्सं ऱ्हायलीत, वैनी. नगा सांगू मला." त्याचाही तिला राग आला नाही. तोही तिच्यासारखाच हो म्हणणारा होता, फक्त त्याला पगार मिळत होता.

आत अंधार होता आणि एकच उन्हाची दांडी खोली चिरत गेलेली, तिच्यात धूळ उडत होती. साहेब उंच, गोरे, मऊ आवाजाचे. त्यांनी तिला नमस्कार केला, चहा घेतला, बशीत ओतला, आणि चहावरची साय त्यांच्या मिशीला लागली, तशीच राहिली. कुणी सांगितलं नाही. प्राचार्यांनी नाही, काकासाहेबांनी नाही, तिनंही नाही. सगळे त्या सायीकडं बघत बोलत होते. मग साहेबांनी चष्मा काढून नळीला डोळा लावला. बराच वेळ. "हं," ते म्हणाले. "हालचाल आहे खरी. तापलेल्या पाण्याचा ओघ असेल, नाही का? पण... इंटरेस्टिंग." "काळा दिसला ना, सर?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात असं काही होतं की रतनला कान झाकून घ्यावेसे वाटले. साहेबांनी चष्मा पुसला. पुसत राहिले. इतका शिकलेला माणूस, ती मनात म्हणाली, आता बोलेल. हा पुण्याचा आहे, याला इथं राहायचं नाही, याला कुणाचा पाठीवरचा हात गमावायचा नाही. साहेब म्हणाले, "मला नीटसा सापडत नाहीये. तुमची नजर बसलेली आहे त्यावर. असं करा, तुम्ही बघा आणि सांगत जा. आपण वेग मोजून टाकू." आणि त्यांनी खिशातून घड्याळ काढलं. इतकं सभ्य, इतकं गुळगुळीत, त्या सायीसारखं.

"डावा दमलाय, सर. उजव्यानं बघतो," काकासाहेब म्हणाले. बाकावर बसले. डाव्या हातानं डावा डोळा झाकला, उजव्या हातानं काचेचा कोन चाचपडला. "श्रीमंत, सोड ऊन." बाहेर आरसा हलला. दांडी जाड झाली, भिंगात शिरली, काचेत पेटली. त्यांची मान खाली जायला लागली. रतनच्या हातात अजून किटली होती. ती कुठं ठेवली ते तिला पुढं कधी आठवलं नाही. नळीच्या तोंडावर तिनं तळहात ठेवला. त्यांचं नाक तिच्या मनगटाला लागलं, गरम, घामेजलेलं. त्याच क्षणी कोन उतरला असावा, कारण तळव्याच्या मध्यावर कुणीतरी विडी विझवावी तसा चटका बसला. रेटा वगैरे काही नव्हता. तिनं हात हलवला नाही.

"अगं, हात काढ." ते हसत म्हणाले, चारचौघांत बायकोनं काहीतरी खुळ्यासारखं केल्यावर नवरा हसतो तसं. "रतन. हात काढ, ऊन जातंय."

"मला तो कधीच दिसला नाही," ती म्हणाली.

प्राचार्य खाकरले. साहेबांनी घड्याळ मिटलं. काकासाहेबांचं डोकं तिच्या मनगटापाशी तसंच थांबलं, वर आलं नाही, आणि तिला वाटलं आता ते ओरडतील, आयुष्यात पहिल्यांदा, आणि तिला ते हवंही होतं. खिडकीबाहेरून श्रीमंतचा आवाज आला, अगदी बारीक, "मला पन न्हाई, सर." मग आरसा खाली गेल्याचं कळलं, कारण ती दांडी खोलीतून कुणी उचलून नेल्यासारखी गेली आणि सगळं काळं झालं. त्या अंधारात कुणी कुणाला दिसत नव्हतं. तिच्या मनगटावर काहीतरी ओलं टेकलं होतं, घाम असेल. तिला त्याची किळस आली नाही.

"डाव्या डोळ्यात तो काळा तेवढाच आहे," काकासाहेब म्हणाले. आवाज खालून येत होता, नीट, वर्गात शिकवावं तसा. "मधोमध तो, आणि कडेनं नुसता धूर. त्याच्याशिवाय मला त्या डोळ्यानं काही दिसत नाही, रतन. दिवाळीपासून."